पंचवीस वर्षांचे पंचवीस आठवडे

बस डेपोत कुणाला कधी रजा मिळणार हे जी बाई ठरवायची, तिला तिच्या पाठीमागे सगळे नाहीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची टाप कुणाचीच नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला थोडं कौतुकही वाटायचं. एकशे बेचाळीस चालक आणि वाहक, भिंतभर पसरलेला बावन्न आठवड्यांचा तक्ता, आणि प्रत्येकाला रजा हवी ती शाळांच्या सुट्टीच्या त्याच आठ आठवड्यांत. त्या दिवसांत एका वेळी नऊच जणांना सोडता यायचं. दहावा आला की बाई मान वर न करता ‘नाही’ म्हणायची, त्याचा अर्ज नामंजूर फाइलला लावायची आणि पुढच्याला हाक मारायची. दहाव्याच्या बहिणीचं लग्न असो की मेहुण्याच्या घराचं छत कोसळलेलं असो, बाईचा आवाज तोच. सोळा वर्षांत डेपोची एकही बस माणूस नाही म्हणून उभी राहिली नव्हती.

अशा बाईला एका रविवारी दुपारी तिच्या नवऱ्याने एका मोठ्या हॉटेलातल्या हॉलमध्ये नेऊन बसवलं. नवरा सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड बसवायचं काम करायचा. माणूस शांत, हात सोन्याचे. त्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बसल्या बसल्या सवयीने खुर्चीच्या खालून हात फिरवून घेतला होता.

“फोम दुय्यम आहे,” तो हळूच म्हणाला.

“मग माणसंही तशीच असतील,” ती म्हणाली. “अहो, नव्वद मिनिटं म्हणालात. माझं घड्याळ चालू आहे.”

हॉलमध्ये दहा-बारा गोल टेबलं होती आणि प्रत्येक टेबलापाशी एकेक कुटुंब. शेजारच्या खोलीत पोरांसाठी खेळणी मांडली होती आणि तिथला कलकलाट भिंतीतून येत होता. त्यांची मुलगी सतरा वर्षांची, खेळण्यांचं वय कधीच उलटलेलं, म्हणून ती दोघांच्या मध्ये बसून फुकटचं सरबत पीत होती. सुट्टी संपली की ती नर्सिंगच्या शिक्षणाला दुसऱ्या शहरात जाणार होती. घरात त्याविषयी कुणी फार बोलत नसे, पण तिच्या खोलीतलं कपाट आतापासूनच अर्धं रिकामं दिसायला लागलं होतं.

समोर टाय लावलेला तरुण विक्रेता बोलत होता, आणि काय बोलत होता! पडद्यावर निळंशार पाणी, पांढऱ्या चादरी, पायऱ्यांवर हसणारी आई-बाप-मुलं. एकदाच पैसे भरा आणि पुढची पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा तुमचा. हॉटेलांचे भाव गगनाला भिडतील, पण तुमची खोली तुमची ती तुमचीच. देखभालीचा वार्षिक खर्च वेगळा असतो, हे वाक्य त्याने पाणी पिता पिता उरकलं. किंमत एका चांगल्या मोटारीइतकी होती, आणि ती आजच्या दिवसापुरतीच होती. कुणी सही केली की कोपऱ्यात टांगलेली पितळी घंटा वाजायची आणि कंपनीची माणसं टाळ्या वाजवायची. दोनदा वाजून झाली होती.

“सर, तुमच्यासारखा कुटुंबवत्सल माणूस मी या महिन्यात पाहिला नाही,” विक्रेता त्यांच्या टेबलाशी येऊन नवऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला लागला.

नाहीबाई गालातल्या गालात हसली. तिचा नवरा असल्या बोलण्याला भुलणारा नव्हता. घासाघीस न करता त्याने आयुष्यात सुतळीचं बंडलही घेतलं नव्हतं. म्हणून पुढे जे झालं ते तिला क्षणभर कळलंच नाही. नवऱ्याने शर्टाच्या आतल्या खिशातून चेकबुक काढलं आणि टेबलावर ठेवलं.

त्या चेकबुकातले पैसे कशाचे हे तिला ठाऊक होतं. अकरा वर्षं तो भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये घाम गाळून स्वतःच्या गाळ्यासाठी साठवत होता. चौकातला कोपऱ्यावरचा गाळा त्याने बघूनही ठेवला होता. मशीन कुठे येईल, कापडाचे तागे कुठे राहतील, हे तो जेवताना बोटाने ताटाशेजारी काढून दाखवायचा.

“अहो, वेड लागलंय का?” ती म्हणाली.

“विचार करून आलोय,” तो म्हणाला आणि पेनाचं टोपण काढलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

मग मात्र बाई सरसावून बसली. डेपोत साठ माणसं एकदम अंगावर आली तरी जिचा आवाज चढत नसे, त्या बाईने खालच्या आवाजात विक्रेत्याला विचारलं, “खोल्या किती?”

“साठ, मॅडम. सगळ्या वातानुकूलित.”

“आणि सभासद?”

विक्रेत्याची छाती फुगली. “अठ्ठावीसशे कुटुंबं! आणि रोज वाढतायत.”

तिने सरबताच्या ग्लासाखालचा कागदी रुमाल ओढला आणि पेन्सिल काढली. साठ खोल्या, बावन्न आठवडे, तीन हजारांच्या वर जागा होत होत्या. अठ्ठावीसशे कुटुंबं त्यात आरामात बसत होती. कागदावर सगळं ठीक होतं, आणि कागदावर सगळं ठीक असलं की तिच्या डोक्यात घंटा वाजायची. डेपोचा तक्ताही कागदावर दरवर्षी बसायचा. वर्षभराची बेरीज केली तर एकशे बेचाळीस जणांना रजा द्यायला जागाच जागा होती. भांडणं व्हायची ती आठच आठवड्यांची.

“शाळेच्या सुट्टीतले आठवडे किती धरता?”

“तो आमचा सोनेरी हंगाम, मॅडम.”

“रंग नका सांगू. किती?”

“आठ.”

“म्हणजे सुट्टीत चारशे ऐंशी खोल्या. अठ्ठावीसशे घरांना.” तिने खाली रेघ मारली. “सहा वर्षांतून एकदा पाळी.”

“असं काही नसतं, मॅडम. अकरा महिने आधी बुकिंग उघडतं. जो पहिला फोन करेल त्याला खोली. कुणाचीही तक्रार नाही.”

“तक्रार नाही, असं कसं होईल? मी रजा देते. ज्याला मिळाली तो कशाला तक्रार करेल? मला मंजूर झालेली बुकिंगं नका दाखवू. गेल्या सुट्टीत ज्यांना नाही म्हणालात त्यांची फाइल दाखवा.”

“तशी फाइल...” विक्रेत्याने टाय सैल केला. “तशी फाइल आम्ही ठेवत नाही.”

“ठेवत नाही?” बाईला खरंच धक्का बसला. फसवाफसवी ती समजू शकत होती, पण नकारांची नोंद न ठेवणं म्हणजे निव्वळ गलथानपणा होता. “अहो, मग तुमचं काम चालतं कसं?”

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं कान टवकारून ऐकायला लागली होती. विक्रेत्याचा वरिष्ठ ते बघून घाईघाईने आला, आणि येताना समाधानी सभासद म्हणून आणलेल्या एका निवृत्त काकांना बरोबर घेऊन आला. काका गोरेगोमटे, अंगात स्वेटर, चेहऱ्यावर हसू.

“काका तीन वेळा जाऊन आलेत,” वरिष्ठ म्हणाला. “विचारा त्यांना.”

“झकास जागा आहे!” काका म्हणाले. “आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी, मनात आलं की जातो. पैसा वसूल.”

“कोणत्या दिवसांत गेलात, काका?”

“गर्दी नसते तेव्हा. शाळा चालू असताना. शांतता काय असते म्हणून सांगू!”

“आणि मुलगा, नातवंडं?”

काकांचं हसू थोडं उतरलं. माणूस सरळ होता. “मुलानेही घेतलंय माझ्याच सांगण्यावरून. चार वर्षं झाली. नातवंडांच्या सुट्टीत फोन करतो, तर दर वेळी भरलेलंच. एकदाही नाही मिळालं त्याला.” मग त्यांनी वरिष्ठाकडे बघितलं. “मी तुम्हाला हे दोनदा सांगितलं होतं.”

भिंतीपलीकडून पोरांचा आरडाओरडा चालूच होता आणि आता तो सगळ्यांना नीट ऐकू येत होता. नाहीबाई उभी राहिली.

“इथे शाळा चालू असताना पोरांना घेऊन आठवडाभर जाऊ शकेल असं कोण आहे?”

एकही हात वर झाला नाही.

“काकांना हे परवडतं, आणि त्यांनी घेतलं ते योग्यच केलं,” ती म्हणाली. “ज्याला कधीही उठून जाता येतं त्याने खुशाल घ्यावं. आपण बाकीचे सगळे एकाच आठवड्याचे गिऱ्हाईक आहोत, आणि हे लोक तो आठवडा सहा-सहा जणांना विकतायत.”

घंटेजवळच्या टेबलावरचा एक मिशीवाला गृहस्थ, ज्याच्या सहीवर मघाशी टाळ्या पडल्या होत्या, उठला आणि म्हणाला, “माझा फॉर्म परत द्या.” मग दुसरा उठला. पाच मिनिटांत पोरांच्या खोलीच्या दाराशी आपापली मुलं गोळा करणाऱ्यांची झुंबड उडाली. एका बाईने जाता जाता नाहीबाईचा हात दाबला आणि काही न बोलता निघून गेली. विक्रेता आणि वरिष्ठ दोघंही परत मागितलेले फॉर्म शोधत होते. काका एकटेच उरलेली बिस्किटं संपवत होते.

बाई रस्त्यावर आली ती हवेत चालत. मुलगी टाळ्या पिटत होती. “आई, तू त्यांना पार पाणी पाजलंस! तो म्हणतो, फाइल ठेवत नाही, आणि तुझा चेहरा!”

“फाइल ठेवत नाही म्हणे,” बाई हसायला लागली. मग तिच्या लक्षात आलं की नवरा मागे राहिलाय. तो पदपथावर उभा होता, चेकबुक हातातच.

“गाळा वाचला तुमचा,” ती म्हणाली. “आभार माना माझे.”

“मानतो. तुझं सगळं बरोबर होतं,” तो म्हणाला. “मला आधीच संशय होता की ही लबाडी आहे.”

“मग चेक का लिहीत होतात?”

त्याने चेकबुक खिशात ठेवलं. त्याचा आवाज अगदी साधा होता. “मी काय खोल्या विकत घेत होतो? तुला पैसे वाया गेलेले खपत नाहीत. एवढी रक्कम भरली असती, तर तुला वर्षाला एक आठवडा यावंच लागलं असतं. मला तेवढंच हवं होतं. आता पोरगी जाईल. आपण तिघं एकदाही कुठे गेलो नाही. तुझ्या त्या नामंजूर फाइलमध्ये आमचे अर्ज किती असतील, कधी मोजलेस?”

मघाशी हॉल गाजवणारी ती, घरापर्यंतचा रस्ता खाली मान घालून चालली. अकरा वर्षांची कमाई हा माणूस तिचा एक होकार विकत घ्यायला निघाला होता, आणि तोही वर्षाला एक आठवडा असा, पंचवीस वर्षं. तिला भयंकर लाज वाटली. आणि त्या लाजेखाली इतकं प्रेम दाटून आलं की तिने रस्त्यातच त्याचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

सोमवारी ती डेपोत तासभर आधी पोचली. तक्त्यासमोर उभी राहून तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं. एकशे बेचाळीस ओळी होत्या. एकशे त्रेचाळिसावी नव्हती. तक्ता तिने स्वतः आखला होता, दरवर्षी स्वतः आखायची, आणि त्यात तिने स्वतःला कधी घातलंच नव्हतं. सोळा वर्षांत ही चूक तिच्या ध्यानात आली नव्हती, आणि दुसऱ्या कुणाच्या एवढ्याशा चुकीवर तिने आकाशपाताळ एक केलं असतं. तिने पट्टी घेतली, खाली एक ओळ आखली, शाळेच्या सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात आपलं नाव लिहिलं आणि अर्ज घेऊन डेपोच्या साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी अर्ज वाचला आणि हसले. मग ती हसत नाहीये हे बघून थांबले.

“सुट्टीच्या दिवसांत? तुम्ही? बाई, त्या आठवड्यात तर रोज चार जण गैरहजर असतात. कोण बघणार? नाही.”

मान न उचलता म्हटलेलं ‘नाही’ समोरून कसं दिसतं, हे तिला पहिल्यांदाच कळलं. तिने ते गिळलं आणि म्हणाली, “नियम आहे साहेब. ज्याला सर्वांत जास्त वर्षं नकार, त्याचा पहिला हक्क. माझी सोळा वर्षं झाली.”

“पण तुम्हाला नकार मिळालेलाच नाही! तुम्ही कधी अर्जच केला नाहीत. फाइलमध्ये तुमचा एक तरी कागद आहे का?”

नव्हता. इतरांना नाही म्हणताना तिने निदान कागद तरी ठेवला होता. घरच्यांना नाही म्हटलं त्याचा कुठे पुरावाच नव्हता.

“बरं,” ती म्हणाली. “मग हा माझा पहिला नकार. अर्जावर लिहून द्या, नामंजूर, आणि खाली कारण. कारणाशिवाय नकार फाइलला लागत नाही.”

साहेबांनी पेन उचललं. “कारण, पर्यायी माणूस उपलब्ध नाही.”

“पर्यायी माणूस तयार ठेवणं कुणाचं काम?”

साहेबांचं पेन थांबलं. ते काम डेपोच्या साहेबांचं होतं, आणि सोळा वर्षं त्यांच्याकडून आणि त्यांच्या आधीच्या दोघांकडून ते झालेलं नव्हतं. आता हे सहीनिशी लिहून द्यायचं होतं.

“पर्यायी माणूस म्हणून मी बसतो की,” दारातून आवाज आला.

दारात डेपोतला सर्वांत जुना चालक उभा होता. गाडी चालवताना शिट्टी वाजवायचा म्हणून त्याला सगळे शिट्टीमामा म्हणत. पाळीची रजा मिळाल्यावरही तो दर सुट्टीत आणखी एक मागायचा, म्हणून नामंजूर फाइलमध्ये सर्वांत जास्त कागद त्याचे होते आणि आजही तो एक नवा घेऊन आला होता. पाठीच्या दुखण्यामुळे सुट्टी संपेपर्यंत त्याला गाडीवर बसायला डॉक्टरांनी मनाई केली होती, आणि स्टोअरमध्ये बसून तो कंटाळला होता.

“तुम्ही?” बाई म्हणाली. “तुम्हाला तक्ता कळतो?”

“बाई, सोळा वर्षं या तक्त्यात फट शोधतोय. कुठे कोण कुणाच्या जागी बसतो, कुठे तुम्ही दोन माणसं लपवून ठेवता, सगळं तोंडपाठ आहे. तुम्ही दर वेळी मला हरवलंत, म्हणून तर पाठ झालं.” तो आत आला आणि तिच्याकडे रोखून बघत म्हणाला, “आणि आता नकार तुमच्या वाट्याला आला ना? कसं वाटलं?”

“वाईट,” ती म्हणाली. तिने आडपडदा ठेवला नाही. “फार वाईट वाटलं, मामा.”

मामाची मान हळूहळू हलली. एवढं ऐकायला तो कदाचित सोळा वर्षं थांबला असावा. “मग साहेब, सही करा,” तो म्हणाला. साहेबांनी अर्ज आपल्याकडे ओढला, ‘नामंजूर’मधला लिहून झालेला ‘ना’ खोडला आणि उरलेला शब्द पुरा केला.

बातमी दुपारच्या पाळीपर्यंत सगळ्या डेपोत झाली. तिचं नाव बघायला माणसं तक्त्यापुढे रांग लावून येत होती. तळ्याच्या गावाला जाणाऱ्या शेवटच्या बसवरच्या वाहकाने, ज्याला तिने सलग तीन सुट्ट्या नाही म्हटलं होतं, तिच्या टेबलावर एक चिठ्ठी आणून ठेवली. त्या गावात होड्या दुरुस्त करणाऱ्या एका बाईकडे वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, सभासदत्व वगैरे काही नाही, आठवड्याचं भाडं नवऱ्याच्या दोन सोफ्यांच्या मजुरीइतकं. “माझं नाव सांगा,” वाहक म्हणाला. “आणि पाणी थंड असतं, पोरीला सांगा.”

तर ते तिघं गेले. खोल्यांना डांबराचा वास होता, एक खिडकी बंद होत नव्हती, आणि खाटेची गादी बघून नवऱ्याने पहिल्याच संध्याकाळी सुई-दोरा मागून घेतला. दोन दिवस बाईला काय करावं कळेना. ती सकाळी पाचला उठून बसायची. दुसऱ्या दिवशी पोरीने तिला होडीत घातलं आणि वल्ही तिच्या हातात दिली. होडी जागच्या जागी गोल फिरली, तिघंही पोट धरून हसले, आणि नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते हसण्यानेच आलं असं सगळे धरून चालले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा होता होता तिचा फोन वाजला. डेपोचा नंबर होता.

शिट्टीमामाचा आवाज चढलेला होता. चौदा नंबरचे दोन्ही चालक तापाने आडवे, सातवर वाहक आला नाही, आणि साहेब विचारतायत, बाईंना दुपारच्या बसने परत येता येईल का. बाई उभी राहिली. तिच्या डोक्यात सगळ्या ओळी आपोआप हलायला लागल्या. अकराचा राखीव माणूस चौदावर, नऊची एक फेरी रद्द, सातवर स्टोअरमधला. दोन मिनिटांचं काम होतं. आणि मग संध्याकाळी पुन्हा दोन मिनिटं, उद्या आणखी, परवा मग जाऊनच आलेलं बरं. तिने खिडकीबाहेर बघितलं. पोरगी खाली होडी पाण्यात ढकलत होती.

“मामा,” ती म्हणाली, “मी रजेवर आहे.”

“म्हणजे मी काय करू?”

“तक्ता तोंडपाठ आहे ना? तुम्ही लावाल तशी ड्युटी लागेल. चुकलं तर चुकू दे, मी आल्यावर ओरडेन. साहेबांना सांगा, बाई रविवारी येतील.” आणि तिने फोन बंद केला, पार बंद, पडदा काळा होईपर्यंत बटण दाबून धरलं.

मागे वळली तर आतल्या खोलीत नवरा खाटेशी वाकलेला दिसला. फोन वाजल्याबरोबर तो कुणाला काही न विचारता उठला होता. त्याने तिची बॅग खाटेवर घेतली होती आणि तिचे कपडे एकेक घडी करून बॅगेत भरत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. दोन दिवस मिळाले हेच पुष्कळ, असं मनाशी म्हणून तो सवयीच्या हातांनी आवराआवर करत होता.

नाहीबाई आत गेली. तिने त्याच्या हातातून बॅग घेतली, उलटी केली आणि सगळे कपडे खाटेवर ओतले.

“हे नंतर,” ती म्हणाली. “अजून चार दिवस आहेत. चला, पोरगी एकटीच निघून जाईल.”